कारलं खाऊनही चढणारी साखर

गंगूबाईंनी रिपोर्ट उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. आकडा तोच, दोनशे दहा. गेल्या महिन्यात एकशे नव्वद होता, त्याच्या आधी एकशे सत्तर. साखरेचा डबा माळ्यावर गेला होता, बटाटा घरातून हद्दपार झाला होता आणि रामभाऊ दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी नि कारल्याची भाजी निमूट गिळत होते. तरी साखर आपली चढतेच आहे!

"बाहेर काय खाताय का तुम्ही?"

"आईशप्पथ नाय गं."

"मग माझ्या कारल्यात साखर आहे का?"

रामभाऊ खाली मान घालून चावत राहिले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, या महिन्यात उतरली नाही तर रोजचं इन्सुलिन. रामभाऊंनी कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली, पण सुई दिसली की ते दार शोधत. आपल्याच रांधण्यात काहीतरी चुकतंय, या विचारानं गंगूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यांनी पथ्य आणखी कडक केलं. लेक मैत्रेयी उल्हासनगरच्या ऑफिसातून येताना मिठाई आणी. तो डबा डोळ्यांसमोरही नको, म्हणून गंगूबाई तसाच खालच्या मजल्यावर आण्णांकडे पोचवत. आण्णा रामभाऊंचे कारखान्यातले सोबती. बायको गेल्यापासून एकटेच राहत. बुद्धपौर्णिमेची खीर, शेजारच्या बारशाचे पेढे, रामभाऊंच्या वाटणीचे आंबे, सगळं आण्णांकडे. रिपोर्ट वाढला की इथलं कारलं वाढे आणि तिथली मिठाई.

तपासणीला दर वेळी रामभाऊंबरोबर आण्णाच जात. या खेपेला गंगूबाईही हट्टानं दोघांबरोबर निघाल्या. नवरा वाटेत काही तोंडात टाकतो का, ते बघायचंच होतं. अंबरनाथ स्टेशनाजवळच्या लॅबपर्यंत रामभाऊंनी तोंडात काही टाकलं नाही, फक्त घाम पुसला.

"रामभाऊ, या!" आतून अक्षदा नावाच्या पोरीनं हाक मारली.

आण्णा उठले आणि शर्टाची बाही वर सारत आत निघाले. रामभाऊ बसूनच होते.

"अहो आण्णा, तुम्ही कुठे?"

"सवयीनं, वहिनी..." आण्णा दारातच थिजले.

अक्षदाही गोंधळली. "म्हणजे हे काका रामभाऊ नाहीत? दर महिन्याला यांचंच ब्लड घेते मी!"

"मला सुई झेपत नाय गं," रामभाऊ पुटपुटले. "आण्णा बोलला, आपण एकाच वयाचे, काय फरक पडतो?"

"मग ते कारलं कशाला खात होतात?"

"खरं बोललो असतो तर तू सुई टोचायला लावली असतीस ना!"

गंगूबाईंनी दोघांनाही टोचून घ्यायला लावलं. रामभाऊंच्या किंकाळीनं रस्त्यावरचा रिक्षावाला आत डोकावून गेला.

संध्याकाळी डॉक्टरांपुढे दोन कागद होते. रामभाऊ नॉर्मल, आण्णा दोनशे चाळीस.

"मग चार महिन्यांपूर्वी तपासणी शिबिरात पहिल्यांदा शुगर निघाली, ते रक्त कोणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं," रामभाऊ म्हणाले.

"तुझं कुठलं? तू मागच्या दारानं पळालास, तेव्हा मीच बसलो ना तुझ्या नावावर!"

"ती आदल्या वर्षीची गोष्ट रे!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे यांची शुगर पथ्यानं उतरली की मुळात नव्हतीच, हे आता मलाही सांगता येणार नाही."

रामभाऊंचा चेहरा खुलला. "नव्हतीच! गंगू, आज भात टाक."

गंगूबाईंचं लक्ष आण्णांकडे होतं. ते कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. "वहिनी, मला कुकरसुद्धा लावता येत नाय हो," ते हळूच म्हणाले. गंगूबाईंना मिठाईचे डबे आठवले. चार महिने आपणच या माणसाला प्रेमानं विष पाठवत होतो.

रात्री त्यांनी तीन ताटं घेतली. रामभाऊंनी आपल्या ताटातली भाकरी पाहिली, कारलं पाहिलं.

"अगं, पण माझी नॉर्मल आहे ना?"

"शुगर कोणाला आहे नि कोणाला नाही, ते तुम्हालाच आठवेना," गंगूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आण्णांना आधी वाढलं. "आठवेपर्यंत दोघांनाही आहे."