घर पाहून राहिलो आहे

उकंडराव डाखोरे अंतर पाढ्यांत सांगत. मैल आणि फर्लांगांशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

यवतमाळला रुजू झालो त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना खानावळ कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "फाटकातून निंगा. अकराचा पाढा सुरू करा. सतराचा संपला का डाव्या हाताले पाहा." मला वाटलं, माणूस नवख्याची थट्टा करतोय. पण चेहरा अगदी गंभीर. मी भीत भीत विचारलं, "अकरापासूनच का?"

"तुमी मोठे मानूस. बे-तीनचे कायले म्हनता?"

पोटात भूक होती. अकरा एके अकरा करत निघालो. तेराच्या पाढ्यात अडखळलो, तो पुन्हा पहिल्यापासून म्हटला, आणि सतराचा संपवून डाव्या हाताला पाहतो तर समोर कापसाच्या जिनिंगचं आवार. खानावळ कधीच मागे पडली होती. परत येऊन तक्रार केली तेव्हा उकंडराव म्हणाले, "रस्ता बराबर हाय साहेब. तुमचा तेराचा पाढा कच्चा हाय."

ही गोष्ट महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं तेव्हाची. सरकारनं तिकडची माणसं इकडे आणि इकडची तिकडे करायचा सपाटा लावला होता, आणि त्यात साताऱ्याच्या भूमापन कचेरीतून मी उचलला गेलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी साखळीनं मोजल्या, पण यवतमाळ नेमकं कुठे येतं हे मला नकाशा उघडूनच पाहावं लागलं. बायको सुमती आणि मुलगी शैला मागे साताऱ्याला, सासऱ्यांच्या घरी राहिल्या.

उकंडराव आमच्याच कचेरीत रेकॉर्डकीपर होते. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात मधलं बटण नसलेला काळा कोट, हातात बारमाही छत्री. लाल फडक्यांत बांधलेल्या दप्तरांच्या खोलीत ते बसत आणि कुठलाही कागद डोळे मिटून काढून देत. पण हे काम ते पगारापुरतं करत. त्यांचं खरं काम होतं बदलून आलेल्या माणसाच्या कुटुंबासाठी घर शोधणं. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं, आणि नको म्हटलं तरी ते थांबत नसत. नवा माणूस कचेरीत येऊन खुर्चीवर टेकला, की पाणी विचारायच्या आधी उकंडराव विचारत, "लेकरं किती? कितवीत?"

घर शोधायची त्यांची रीत उलटी होती. आधी शाळा, मग तिच्या भोवती घर. आणि शाळा पारखायची रीत तर त्याहून उलटी. हेडमास्तरांना ते कधी भेटत नसत. "तो तं चांगलंच सांगन. त्याची शाळा हाय." ते शाळेसमोर छत्री टेकून उभे राहत आणि उशिरा आलेल्या पोराची वाट पाहत. "उशीर झालेलं लेकरू पळत आलं, तं शाळा चांगली. भिंतीले धरून आलं, तं मास्तर मारकुटा. अन् झाडाखालीच बसून राह्यलं, तं समजा शाळेत जाऊन काही फायदा नाही हे त्याले समजलं हाय." मग आत शिरून तहान लागल्याचं निमित्त करून ते माठातलं पाणी पीत. माठ भरलेला आणि त्यावर झाकणी, की त्या शाळेला अर्धे गुण तिथेच मिळत.

वर्षाची सगळी किरकोळ रजा त्यांनी अशी शाळांच्या फाटकांवर उभं राहून संपवली होती. दोनदा लोकांनी त्यांना शाळा तपासणीस समजून चहा पाजला. एकदा एका मास्तरांनी हाकलून दिलं, तर ती शाळा त्यांना फार आवडली. "लेकरायवर नजर हाय बावा त्याची," असं ते कौतुकानं सांगत.

घरापासून शाळेचं अंतर मात्र ठरलेलं. लेकराच्या पायानं बे ते तीसपर्यंतचे पाढे, एकदा. "तिसाच्या वर गेलं का लेकरू कंटाळते, मंग रस्त्यात बोरं येचत बसते." जे घर त्या पलीकडे असेल त्याचं नावसुद्धा ते ऐकून घेत नसत. "पाढ्यात बसत नाही," म्हणून मोकळे.

माझ्यातला भूमापक खवळला. एका शनिवारी दुपारी मी सरकारी साखळी काढली (हे आता सांगायला हरकत नाही) आणि त्यांनी 'तीस' सांगितलेला एक रस्ता मोजून काढला. बरोबर पंचवीस साखळ्या भरल्या. मी मोठ्या ऐटीत तो आकडा त्यांच्यापुढे ठेवला. उकंडरावांनी तो ऐकून घेतला आणि विचारलं, "पंचवीस साखळ्या चालता चालता लेकरू काय करन? माह्या हिशेबात त्याचे पाढे तरी पाठ होते."

इकडे माझं घोंगडं भिजत पडलं होतं. शैला चौथीत होती. सुमती शिक्षकाची मुलगी, तिनं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं: चांगली शाळा असेल तर आम्ही येतो, नसेल तर शैला मॅट्रिक होईपर्यंत इथेच राहू, बाबांनी तशी तयारी दाखवली आहे. मॅट्रिक तेव्हा अकरावीला, म्हणजे आणखी सात वर्षं. सात वर्षं मी खानावळीत आणि त्या दोघी साताऱ्याला! दिवाळीपर्यंत निर्णय कळवा, असंही खाली होतं. मी ते पत्र उकंडरावांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी करून माझ्या खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून माझ्यापेक्षा तेच जास्त घाईला आले.

शहरात दोन जागा पाहिल्या. पहिली शाळेला लागून होती, पण खोल्यांत दिवसाही अंधार. उकंडराव मधोमध उभे राहिले आणि घरमालकाला विचारलं, "पोरगी अभ्यासाले कुठं बसन?" घरमालक म्हणाला, "कंदील लावा की." झालं, उकंडरावांनी छत्री उचलली. दुसरं घर हवेशीर, पण पाढे तिसावरून बेचाळिसावर गेले.

मग त्यांनी लोहाऱ्यातलं एक रिकामं घर काढलं. लोहारा तेव्हा यवतमाळला लागून असलेलं खेडंच. सायकलनं मला कचेरी अर्ध्या तासाची. शाळा चौथीपर्यंत. आसपासच्या तांड्यावरची बंजाऱ्यांची मुलं तिथे येत, आणि ती उशीर झाला की पळत येत, हे उकंडरावांनी तीन वेळा पाहून ठेवलं होतं. मास्तर वानखडे गुरुजी. चार-पाच वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. कचेरीतल्या एकानं मला बाजूला घेऊन कुजबुजत विचारलं, "मास्तर कोण आहे ते ठाऊक आहे ना?" मी काही बोलायच्या आत दप्तरांच्या खोलीतून आवाज आला, "ठाऊक हाय! जिल्ह्यातला सगळ्यात चांगला मास्तर हाय तो. माठातलं पानी सगळ्या लेकरायच्या मागून पेते."

"पण पाचवीपासून काय?" मी विचारलं.

"यष्टी. म्या आठ दिवस सकाळच्या गाडीनं जाऊन-येऊन पाह्यलं. पोरीयले बसाले जागा भेटते."

आठ दिवस! माझ्या मुलीच्या पुढच्या वर्षीच्या बसण्यासाठी हा माणूस आठ दिवस पहाटे उठून एस.टी.त बसत होता. मला त्या क्षणी त्यांचं हसूही आलं आणि थोडी लाजही वाटली.

नेमकं त्याच वेळी मला मोजणीच्या कामावर पुसदला पाठवलं. जाताना सासऱ्यांचा पत्ता उकंडरावांना देऊन सांगितलं, घराचं काही ठरलं तर सुमतीला एक कार्ड टाका. इथेच घोटाळा झाला.

पंधरा दिवसांनी परतलो तर सुमतीचं पत्र माझी वाट पाहत होतं. त्यात जाळ होता. "तुमच्या त्या उकंडरावांचं कार्ड आलं. आपल्यासाठी पाहिलेलं घर त्यांना इतकं आवडलं की ते स्वतःच तिथे राहिले. वर मला कळवतात, घर उत्तम आहे, हवा चांगली आहे, निश्चिंत असा! अशा माणसांच्या भरवशावर मी पोरीला एवढ्या लांब आणायची? शैलाचं नाव इथल्याच शाळेत कायम ठेवते आहे."

मी सायकल काढली आणि तडक लोहारा गाठलं. वाटेत उकंडरावांना काय काय बोलायचं ते घोकत गेलो. घराचं दार उघडं. आत पाहतो तर खरोखरच उकंडराव! सतरंजी अंथरलेली, शेजारी जेवणाचा डबा, खुंटीला कोट, आणि स्वतः मांडी घालून खिडकीपाशी ऐसपैस बसलेले.

"शोभतं का हे तुम्हाला?" मी दारातूनच ओरडलो. "आमचं घर बळकावून बसलात?"

ते गोंधळून उभे राहिले. "कोन बळकावलं? म्या तं पाहून राह्यलो!"

"तेच! पाहून राहिलात!"

"व्हय, पाहून राह्यलो!"

आम्ही दोघांनी एकच वाक्य एकमेकांवर चार वेळा फेकलं. पाचव्या वेळेला माझ्या डोक्यात उजेड पडला. वऱ्हाडात 'पाहून राह्यलो' म्हणजे 'पाहतो आहे'. चार महिने हे रोज कानांवर पडत होतं. पण साताऱ्याच्या वहिनींना लिहायचं म्हणून उकंडरावांनी आपली भाषा धुऊन-पुसून शुद्ध केली होती आणि कार्डावर लिहिलं होतं, 'लोहाऱ्याचे घर पाहून राहिलो आहे.' सुमतीनं ते जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. मी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "म्या शुद्ध लिवाले गेलो अन् चोर झालो का हो?"

मी हसत सुटलो. हसणं थांबल्यावर विचारलं, "पण सतरंजी टाकून काय करताय इथे?"

"ऊन पाहून राह्यलो. सकायपासून बसलो. पोरगी शाळेतून येईन तवा या खिडकीत ऊन नाही पाह्यजे, पन उजेड पाह्यजे. आहे. चांगला आहे."

मी सुमतीचं पत्र त्यांच्या हातात दिलं. शेवटची ओळ वाचून ते खाली बसले. मग एकदम म्हणाले, "साहेब, त्याइले तिकडे ठेवू नका."

मी म्हटलं, "साताऱ्याची शाळा चांगली आहे हो. सुमतीचंही चुकत नाही."

"शाळा चांगलीच असते." त्यांनी पत्राची घडी घातली. "माहं एकच पोरगं. तो लहान होता तवा मी लय आडवळणाच्या गावी होतो. बायकोच्या भावानं लिवलं, नागपूरले धाडा, इथं शाळा चांगली हाय. म्या मायलेकाइले धाडलं. दोन वर्साच्या बोलीनं. अन् शाळा खरंच चांगली होती. पोरगं दर वर्साले पयल्या नंबरात. दर वर्साले म्या म्हनलं, आता घेऊन येतो. दर वर्साले कोनी ना कोनी म्हने, एवढी चांगली शाळा काहून सोडता? आता तो जबलपूरले इंजिनेर हाय. त्याची माय त्याच्यापाशी. तिचं मन तिकडंच लागलं. मी जातो, दोन दिवस राहून येतो."

खिडकीत उजेड होता, उकंडरावांनी सांगितला तसा. जन्मभर शाळा पारखणारा हा माणूस पुढे म्हणाला, "शाळा थोडी उन्नीस-बीस असली तं चालन. लेकरू घरी पाह्यजे."

त्याच सतरंजीवर बसून मी सुमतीला लांबलचक पत्र लिहिलं. क्रियापदाचा खुलासा केला, खिडकी कळवली, गुरुजी कळवले, आणि उकंडराव जे बोलले ते जसंच्या तसं लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. उत्तर दोन ओळींचं आलं. "दिवाळीच्या सुट्टीत सामान घेऊन येतो. उकंडरावांना म्हणावं, माझं चुकलं."

त्या आल्या. शैला वानखडे गुरुजींच्या शाळेत जाऊ लागली आणि महिन्याभरात तिची भाषा अशी काही बदलली की सुमतीनं डोक्याला हात लावला.

एका रविवारी सकाळी उकंडराव आले होते. बांधकाम खात्यात बदलून आलेल्या कुणासाठी तरी जागा बघायला निघाले होते, वाटेत चहाला थांबले. शैला खिडकीत बसून निबंध लिहीत होती. मी आपला उगाच मान लांबवून तिच्या चुका काढत होतो. ती वैतागून म्हणाली, "बाबा, तू मधामधात नको बोलू नं!"

सुमतीच्या हातातली कपबशी थांबली. आमच्याकडे वडिलांना 'तू' म्हणायची पद्धत नाही. "शैला! बाबांना तू म्हणतात का? तुम्ही म्हणायचं."

उकंडराव घाईघाईनं म्हणाले, "म्हनू द्या, वहिनी. माहा पोरगा मले तुमी म्हनते."

सुमतीनं कपबशी त्यांच्यापुढे ठेवली. शैलाला आमच्या घरात पुन्हा कुणी टोकलं नाही.