गाभण वजीर

मोताळ्याच्या पशुप्रदर्शनासाठी प्रवेशपासचं सॉफ्टवेअर मी बनवलं आणि ते कधीच अडणार नाही, असं सगळ्यांना सांगत फिरलो. कोणी विचारलंही नव्हतं!

जनावरांची माहिती एक्सएमएल फाइलमधून यायची. म्हणजे प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: यात वय, यात दूध, यात गाभण आहे की नाही. डब्यात भलतंच निघालं की तपासणी फाइल परत फेकते. पहिल्याच दिवशी तिने अख्खा तालुका फेकला! कारण माहिती भरणारे शेषरावभाऊ. त्यांची हयात रजिस्टरात गेलेली. एकदा लिहिलं की खाली सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’.

“भाऊ, दुधाच्या रकान्यात वरीलप्रमाणे?”

“मंग? वरच्याचं जे, तेच त्याचं. पुन्हा पुन्हा काऊन लिहू?”

थकलो. ‘वरीलप्रमाणे’ दिसलं की वरच्या जनावराची माहिती उचल, असं प्रोग्रामला सांगून टाकलं. एरर शून्य! फक्त त्याआधी प्रोग्राम जनावरांची नावं अकारविल्हे लावतो, हे विसरलो. रजिस्टरात किसनरावांच्या वजीरच्या वर दुसरा बैल होता. आता वर आली शकूरचाचांची म्हैस, लाडी.

प्रदर्शनाच्या सकाळी किसनराव धापा टाकत आले.

“अबे अविनाश! माह्या वजीरले गाभण म्हैस केलं बे तू! वर्षभर चारलं त्याले रिंगणासाठी, अन् लोकं बादल्या घेऊन मांगं लागले!”

“काका, दोन मिनिटं.”

‘म्हैस’चा ‘बैल’ केला. तपासणी म्हणाली, बैल गाभण असू शकत नाही. गाभणपण काढलं. म्हणाली, असं मिटवता येत नाही, आधी व्याल्याची नोंद करा. हे नियम मीच लिहिलेले! बाहेर रिंगणाचा पुकारा सुरू झाला. शेवटी मी वजीरला व्यायला लावलं. बैल वीत नाही, हा नियम लिहायचा राहिला होता. पास निघाला!

फाटकावर पास तपासणाऱ्या संघपालने तो वाचला. “काका, बैल एक, वासरू एक. वासरू कुठं हाय?”

“बैलाले वासरू कुठून येईन बे?”

“ते मले काय मालूम? दोघं असले त सोडतो.”

किसनरावांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं.

वजीरचा रिंगणात पहिला नंबर आला. परीक्षकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, मग शेजारी दाव्याला बांधलेल्या माझ्याकडे बघून किसनरावांना म्हणाले, “वासरू लय हडकलं. पेंड वाढवा.”