तीस किलोचा सर्वो आणि सासूबाईंचा बंपर

"या रविवारी तुझ्या आईंना माझी गाडी फक्त मागून दिसेल!" मास्तरांनी जेवता जेवता जाहीर केलं.

"मागून म्हणजे? दोन फेऱ्या मागे असलात तरी तसंच दिसतं ना?" बायकोने विचारलं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून आणि आपल्या बाजूचा जादा ब्रेक दाबून त्यांचा उजवा पाय स्वतंत्र झाला होता. धोका दिसला की तो आपला आपण दाबला जाई. लिफ्टमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर मेव्हणीच्या लग्नात, नवरदेव आत येताना!

असा माणूस रिमोटवरच्या हातभर गाड्यांच्या शर्यतीत मात्र सहा वर्षं शेवटचा येत होता. आणि सहाही वर्षं पहिली कोण? सासूबाई! वय अडुसष्ट, डोळ्यांवर जाड चष्मा, दोन शर्यतींच्या मध्ये विणकाम. त्यांची गाडी वळणावरून अशी जायची, जणू वळण त्यांनीच विणलंय. मास्तरांच्या वाट्याला त्यांची हत्यारांची पेटी उचलणं आलं होतं.

आता पुढच्या महिन्यात मोठी स्पर्धा होती, जोडीजोडीने खेळायची. सासूबाईंनी क्लबात सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "रविवारी जो माझ्या मागोमाग रेषा ओलांडेल, तो माझा जोडीदार." म्हणताना त्यांनी नेहमी दुसरा येणाऱ्या बेकरीवाल्याकडे पाहिलं. जावयाकडे पाहिलं ते "पेटी आत ठेवा" म्हणण्यापुरतं. हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं होतं. एकदा, फक्त एकदा पेटी दुसऱ्या कोणीतरी उचलावी!

दोष कुणाचा? मास्तरांच्या मते सर्वोचा. सर्वो म्हणजे गाडीची पुढची चाकं वळवणारी काड्यापेटीएवढी मोटर. मास्तरांचा जुना सर्वो सरकारी कचेरीसारखा होता. वळायचा अर्ज इकडून करा, मंजुरी यायची ती वळण गेल्यावर!

म्हणून ते दुकानात गेले.

"काय हवंय सर्वोमध्ये?" दुकानदाराने विचारलं. त्याला उत्तर पाठ होतं.

"जोर हवा. वेग हवा. दाते धातूचे हवेत. पाणी गेलं तरी चालला पाहिजे. सोडला की चाकं बरोब्बर मध्यावर यायला हवीत. आवाज नको. आणि बॅटरी खायला नको."

"म्हणजे सर्वो हवाय की जावई?"

"मी स्वतःच जावई आहे हो!"

"मग हा घ्या. तीस किलोचा जोर."

"चाळीसचा नाही?"

"मास्तर, तुमची गाडी दीड किलोची. नांगरायचंय का काही?"

मास्तरांनी तीस किलोवर समाधान मानलं. घरी येऊन सर्वो बसवला. डब्यात एक घडीचा कागद होता. त्यावर बारीक अक्षरात पहिलंच वाक्य होतं, "बसवल्यावर आधी दिशा तपासा." शिकाऊ लोकांना रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायला लावणाऱ्या मास्तरांनी तो कागद टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातला.

सराव घराबाहेरच्या लांब व्हरांड्यात सुरू झाला. डॉक्टरांनी बायकोला रोज तिथे चाळीस फेऱ्या मारायला सांगितलं होतं. तेव्हा सोय अशी झाली, की मास्तर एका टोकाला खुर्ची टाकून बसत आणि बायको जाता जाता गाडी काखेत मारून दुसऱ्या टोकाला नेई, मास्तरांकडे तोंड करून खाली ठेवी आणि तिच्यामागून चालत परत येई.

आणि चमत्कार! ज्यांना ही गंमत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिमोटची गाडी आपल्याकडे येत असली की सगळं उलटं होतं. आपण उजवीकडे फिरवलं की ती तिच्या उजवीकडे जाते, म्हणजे आपल्या डावीकडे. सहा वर्षं मास्तर इथेच आपटत होते. पण आता? उजवीकडे म्हटलं की त्यांच्याच उजवीकडे! डावीकडे म्हटलं की डावीकडे! कुंड्यांच्या मधून गाडी अशी आली, जणू आमंत्रण दिलंय.

"अगं, हा सर्वो मनातलं ओळखतो!"

"मग मला चहा हवाय हेही त्याला कळलं असेल," बायको बाविसावी फेरी संपवत म्हणाली.

आठवडाभर गाडी रोज मास्तरांकडे येत राहिली. ती त्यांच्यापासून लांब मात्र एकदाही गेली नाही. गेली ती बायकोच्या काखेतून!

रविवारी मास्तरांनी आठ शिकाऊ विद्यार्थीही बोलावले. सोमवारी त्यांची लायसनची परीक्षा होती. "बघा, गाडीवर ताबा म्हणजे काय असतं!" असं म्हणून ते लाकडी मंचावर चढले. शेजारी सासूबाई, पलीकडे बेकरीवाला. शर्यत पाच फेऱ्यांची.

शिट्टी वाजली. गाड्या मंचापासून लांब सुटल्या. पहिलं वळण डावीकडे. मास्तरांनी डावीकडे फिरवलं.

गाडी उजवीकडे गेली. आणि कशी गेली! तीस किलोच्या जोराने, जराही न कचरता! मार्गाच्या कडेची नळी ओलांडून ती थेट क्लबच्या सेक्रेटरींच्या टेबलाखाली घुसली. टेबल कललं, माईक पडला, आणि मैदानभर सेक्रेटरींचं एक अत्यंत खाजगी वाक्य घुमलं.

"सर!" विद्यार्थ्यांतल्या नर्सबाई घाबरून ओरडल्या. "डावीकडे म्हणजे आपलं डावीकडेच ना? उद्या परीक्षा आहे!"

कोणीतरी गाडी उचलून मार्गावर ठेवली. पुढचा टप्पा मंचाच्या दिशेने येणारा होता. आणि काय सांगावं! मास्तरांची गाडी सरसरत आली. एकाला मागे टाकलं, दुसऱ्याला टाकलं. टाळ्या! मास्तरांनी मान वर केली. तेवढ्यात गाडी वळून पुन्हा लांब जायला लागली आणि टायरच्या ढिगाऱ्यात शिरली.

मग प्रत्येक फेरीत हाच प्रयोग. येताना राजहंस, जाताना रेडा! मास्तरांचा उजवा पाय मंचाच्या फळीवर इतका आपटत होता, की बेकरीवाल्याने दोनदा खाली वाकून पाहिलं.

"जावईबापू," सासूबाई आपल्या गाडीवरची नजर न हलवता म्हणाल्या, "तुमचा सर्वो उलटा वळतोय. रिमोटच्या खाली एक इवलं बटण आहे. ते फिरवा."

"आई, सर्वो उत्तम आहे! मनातलं ओळखतो!"

"तुमच्या मनात सेक्रेटरींचं टेबल होतं का?"

मास्तरांना व्हरांडा आठवला. बायकोची काख आठवली. टेबलाच्या पायाखालचा कागदही आठवला. त्यांचा चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा पांढरा झाला. बटण फिरवायला हवं, आत्ताच! आणि त्यांनी ते फिरवलं. गाडी त्या क्षणी मंचाकडे येत होती, शेवटच्या वळणाच्या अलीकडे. शेजारून सासूबाईंची गाडी, शेवटच्या फेरीत, सगळ्यांच्या पुढे. मास्तरांनी तिला वाट द्यावी म्हणून आठवडाभराच्या सवयीने उजवीकडे फिरवलं.

गाडी सासूबाईंच्या चाकावर आदळली.

कट्! मास्तरांच्या सर्वोच्या धातूच्या दात्यांना ओरखडाही नाही. सासूबाईंच्या जुन्या सर्वोचे प्लास्टिकचे दाते मात्र झडले. मोटर चालू, पण चाकं वळेनात. सहा वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंची गाडी उभी राहिली. मागून बेकरीवाल्याची येत होती.

सासूबाईंनी नुसता चष्मा वर सरकवला. घरातल्या लोकांना हे ओरडण्यापेक्षा भयंकर वाटतं.

आणि मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. रोज सकाळी सातपासून जो निघतो, तोच. "घाबरायचं नाही! आई, वेग तुम्ही द्या, वळवतो मी. हळू... अजून हळू... मी शेजारी आहे."

त्यांनी आपल्या गाडीचं नाक सासूबाईंच्या मागच्या बंपरला टेकवलं. दीड किलोच्या दोन गाड्या, तीस किलोचा सर्वो! आता कुठे त्याला पोटभर काम मिळालं होतं. "थोडा वेग... बास. सोडा. सोडा म्हटलं ना! आता द्या!" सहा वर्षांत सासूबाईंना असं कोणी बोललं नव्हतं. त्या मुकाट्याने ऐकत होत्या. मास्तर मागचा बंपर ढकलत त्यांची गाडी वळवत राहिले. दोन्ही गाड्या एकाला एक चिकटून वळल्या, सरळ झाल्या आणि बेकरीवाल्याच्या वीतभर आधी रेषेपार गेल्या.

सेक्रेटरींनी नियमांची वही दोनदा चाळली. दुसऱ्याला ढकलून जिंकवू नये असा नियम त्यात नव्हता. असं कोणी करील हे कोणाला सुचलंच नव्हतं.

"पण जोडीदार मीच ना?" बेकरीवाला म्हणाला. "मास्तरांच्या अजून दोन फेऱ्या बाकी आहेत!"

"मी फेऱ्यांचं काही बोलले नव्हते," सासूबाई लोकर गुंडाळत म्हणाल्या. "माझ्या मागोमाग रेषा कोणी ओलांडली?"

मास्तरांनी कॉलर नीट केली.

"जावईबापू, जोडीदार तुम्ही. तो सर्वो काढून माझ्या गाडीत बसवा. माझा दुरुस्त करून तुमच्यात." मास्तरांची कॉलर पुन्हा खाली आली. "आणि पेटी," त्या थबकल्या, "एक कडी मी धरते, एक तुम्ही."

सोमवारी आठांपैकी सात जण पास झाले. नर्सबाईंनी उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळवलं. परीक्षकांनी त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.

संध्याकाळी मास्तरांनी टेबलाखालचा कागद काढून दोनदा वाचला, सासूबाईंच्या गाडीत सर्वो बसवला आणि खुर्ची टाकून बसले. बायको गाडी काखेत घेऊन व्हरांड्याच्या त्या टोकाला पोचली आणि तिथून ओरडली,

"अहो! आज तोंड कुठे करू? तुमच्याकडे?"

"नको!" मास्तर दचकून म्हणाले, आणि त्यांचा उजवा पाय खाडकन खाली आला. "तू इथे ये! गाडी इथूनच तिकडे पाठवतो!"

"मग चाळीस फेऱ्या मी रिकाम्या हाताने मारू?"

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय, ते वेगळंच.