एक शे

पर्यावरण माणसाच्या सवयींनी बिघडते आणि गुणांनीच सुधारते, याबद्दल आता जाणकारांत दुमत उरलेले नाही. प्रश्न एवढाच होता, की हे गुण द्यायचे कोणी. तो शहाद्याच्या हेमकांतने सोडवला. त्याने मोबाइलवर ‘हिरवा गडी’ नावाचा खेळ तयार केला. कापडी पिशवी नेली, दहा गुण. गाडी सोडून पायी गेलात, वीस गुण. (जे जन्मभर पायीच गेले त्यांना काही नाही. त्यांची सवय सुधारलेली नसून मुळातच चांगली आहे, आणि त्याची सोय खेळात नाही.)

वडीलधाऱ्यांना टाइप करणे जमत नाही, म्हणून हेमकांतने खेळाला कान दिले. खेळ विचारणार, माणूस बोलून उत्तर देणार. कान अस्सल प्रमाण मराठी होते. हेमकांत स्वतः घरी अहिराणी बोलतो, पण कामात घरचे काही आणायचे नाही, हा त्याचा बाणा.

पहिली चाचणी ब्राह्मणपुरीला, त्याच्या काकू बेबीबाई यांच्यावर झाली. काकूंच्या अंगणात एक कडुनिंब होता. हेमकांतचा लहानपणीचा झोका त्यालाच टांगलेला असे, आणि दुपारी अर्धी गल्ली त्याच्याखाली बसे. काकूंचा त्या झाडावर फार जीव. खेळाने विचारले, “दारात झाडे किती?”

“एक शे,” काकू म्हणाल्या.

अहिराणीत याचा अर्थ ‘एक आहे’. खेळाने ‘एकशे’ ऐकले आणि शंभर झाडे जमा करून काकूंना वनसम्राज्ञी केले. (शेजारचे भाईदास “दोन शेतस” म्हणाले. त्यांना दोनशे मिळाली.) गावात खरे बोलणारे बरेच असल्याने महिन्याभरात ब्राह्मणपुरी जिल्ह्यातले सर्वांत घनदाट जंगल ठरले. सातपुडा दुसरा आला.

हेमकांतला चूक कळली. पण तोवर जिल्ह्याच्या साहेबांनी काकूंच्या सत्काराची तारीख दिली होती, आणि तारीख मिळालेली चूक दुरुस्त करता येत नाही.

सत्काराला मांडव हवा. मांडवाला काकूंचे अंगण पसंत पडले, मध्ये कडुनिंब तेवढा येत होता. साहेबांच्या माणसांनी शांतपणे हिशेब केला, की शंभरातले एक गेले तरी नव्याण्णव उरतात. काकूंनी झाडाला हात लावला.

“हेमा, हाई एकच शे रे.”

हेमकांतने खरे सांगायचे ठरवले, अगदी ओठांपर्यंत आणले आणि साहेबांच्या चहाबरोबर गिळून टाकले. त्याला मनापासून वाईट वाटले. (वाईट वाटल्याचे पाच गुण मिळतात.)

सत्काराच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत मोबाइल काकूंच्या तोंडापुढे धरला. दारात झाडे किती, खेळाने पुन्हा विचारले. जिथे कडुनिंब होता तिथे रोवलेल्या मांडवाच्या खांबाकडे बघत काकू म्हणाल्या, “आते एक बी नही शे.”

म्हणजे आता एकही नाही. पण खेळाला ‘नाही’ येत होते, ‘नही’ येत नव्हते. न कळलेले शब्द गाळून त्याने उरलेल्या शब्दांची बेरीज केली. “अभिनंदन,” तो म्हणाला, “शंभर झाडे, शिवाय एक बी.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. हेमकांतनेही वाजवल्या, जरा हळू.

हा खेळ आता सर्वांसाठी खुला आहे. तो तुम्हालाही विचारील, दारात झाडे किती. तुम्ही स्वच्छ प्रमाण मराठीत उत्तर द्याल, त्यामुळे ऐकण्यात चूक व्हायची भीती नाही. फक्त गॅलरीतली कुंडी झाडात धरायची की नाही, ते आधी ठरवून ठेवा.

(धरलीत ना?)