बेचाळीस दुकानांचा जुना ग्राहक

जावयाने नोकरी सोडून दुकानांच्या वेबसाइट बनवायचा धंदा काढला, त्याला चार महिने झाले आणि गिऱ्हाईक अजून एकही नव्हतं. शेवटी सासऱ्यांनी मुदतच घातली. शनिवारपर्यंत एक तरी गिऱ्हाईक दाखवा, नाहीतर सोमवारपासून आमच्या टाइल्सच्या दुकानात या. जावयाला टाइल्स नको होत्या. दिवसभर समोर बसलेले सासरे तर त्याहून नको होते.

म्हणून त्याने व्यापारी संघाच्या यादीतले झाडून सगळे पत्ते उचलले आणि बेचाळीस जणांना एकच मेल धाडला. अनोळखी माणसाला लिहिताना आधी आपुलकी दाखवावी, असं त्याने एका व्हिडिओत ऐकलं होतं. त्याने ती जरा सढळ हाताने दाखवली. "मी आणि माझी पत्नी गेली पाच वर्षं तुमच्याकडेच येतो. दुसरीकडे जायचं मनातही येत नाही. तुमची वेबसाइट नसावी, याचं फार वाईट वाटतं." खाली कंपनीचं भारदस्त नाव आणि नुसतंच 'संचालक'. यादी वाचून बघण्याचे कष्ट मात्र संचालकांनी घेतले नाहीत.

शुक्रवारी तो नेहमीच्या सलूनमध्ये दाढीला बसला.

"साहेब, गंमत ऐका," सलूनवाला म्हणाला. वस्तरा गळ्याशी होता. "कुणीतरी लिहिलंय, पाच वर्षं बायकोला घेऊन माझ्याकडे येतो म्हणे. जेंट्स सलूनमध्ये! तरी मी आपला खूश होऊन समोरच्या सलूनवाल्याला दाखवायला गेलो, तर त्या लेकाच्यालाही तेच पत्र! शब्दाला शब्द!"

"अरेरे," जावई ओठ न हलवता म्हणाला.

"एकदा नुसता हाती सापडू दे... मान हलवू नका साहेब."

जावयाने मान हलवली नाही. श्वाससुद्धा बेताने घेतला.

घरी बायको त्याच्या लॅपटॉपसमोर बसली होती. "घटस्फोटाच्या वकिलाचं उत्तर आलंय. 'आपण उभयता पाच वर्षं येत आहात, परंतु फाइल सापडत नाही. अर्ज कुणाचा आहे, आपला की पत्नीचा?' सांग ना, कुणाचा?"

"अगं, तो धंद्याचा मेल आहे!"

"लग्नालाच पाच वर्षं झाली आपल्या! म्हणजे हॉलमधून थेट तिकडेच गेलो होतो वाटतं आपण!"

त्यानंतर उत्तरं उघडायचा धीरच त्याला झाला नाही.

शनिवारी संध्याकाळी सासरे हजर. "मिळालं गिऱ्हाईक?"

"नाही," जावई म्हणाला. चार महिन्यांची धडपड एका शब्दात संपली, याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

"मिळणार कसं? पत्र लिहिता येतं का तुम्हाला? हे बघा, याला म्हणतात पत्र!" सासऱ्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला. जावयाने पहिली ओळ वाचली आणि फोन हळूच परत सरकवला.

"पाच वर्षं येतोय बिचारा, बायकोला घेऊन! आणि मला चेहरासुद्धा आठवत नाही. लाज वाटली हो मला." सासऱ्यांनी चष्मा पुसला. "तीस वर्षांत माझ्या दुकानाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. दुपारीच कळवलं त्याला, काम तुझं."

बेचाळीस मेलांपैकी तेवढा एकच खरा होता. पाच वर्षं, दर रविवारी, दोघं त्यांच्याकडेच तर जात होते.

"बाबा, तो माणूस म्हणजे..." त्याने सुरुवात केली. टेबलाखालून बायकोने त्याचा पाय जोरात दाबला.

"माणूस हुशार आहे! सोमवारी दहाला दुकानात बोलावलंय. ठरल्याप्रमाणे तुम्हीही याच, जावईबापू. त्याच्या शेजारी बसा, चार गोष्टी शिकून घ्या."

सासरे गेले. जावई दाराकडे बघत राहिला. "आता मी काय करू?"

"काय करू म्हणजे? जा," बायको कप उचलत म्हणाली. "आणि दोघंही वेळेवर पोचा. बाबांना उशीर खपत नाही."