घरं दोन, चूल एक

‘मन्मथअप्पांना पार्टिशन जमत नव्हते, म्हणून त्यांनी घर-चुलीचा घोळ घातला.’ आमच्या देशी गोवंश नोंदणी केंद्राचे सध्याचे प्रमुख गायकवाड अहमदपूरच्या प्रत्येक बैठकीत हे वाक्य ऐकवतात, आणि त्याच जोरावर निवृत्त अप्पांची रचना मोडायला निघाले आहेत. वाक्याचा पूर्वार्ध खोटा आहे. उत्तरार्धातला घोळ मी घातला होता. त्याचे श्रेय अप्पांना देणे हा माझ्यावर अन्याय आहे.

अप्पा उदगीरचे, केंद्राचा डेटाबेस रचणारे. हा गृहस्थ नोंदींच्या टेबलाला टेबल म्हणत नसे. टेबल म्हणजे घर, रकाना म्हणजे खोली, आणि जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, ज्यावरून इकडची नोंद तिकडे जुळते, तो म्हणजे चूल.

मी नांदेडचा निवृत्त पशुवैद्य, लाल कंधारी गाईचा कट्टर पक्षपाती आणि केंद्राचा सल्लागार. शिंगांचा बाक, वशिंडाची उंची, गळ्याखालच्या पोळीच्या घड्या, एवढ्याने माझे समाधान होईना. निव्वळ रंगासाठी मी ‘गडद लाल’, ‘फिकट लाल’ आणि ‘मालकाच्या मते लाल’ असे स्वतंत्र रकाने मागून घेतले. मग ‘स्वभाव’. मग ‘स्वभाव बिघडण्याची कारणे’. लातूरकरांनी त्यांच्या देवणी गाईंसाठी तेवढेच मागितले, हे सांगायला नको.

एके दुपारी यंत्राने पुढचा रकाना साफ नाकारला. एका टेबलात किती रकाने मावावेत याला मर्यादा असते, हे मला ठाऊक नव्हते. मी ते यंत्राचे औद्धत्य समजलो.

“अजून एकच बसवा, अप्पा. शेपटीचा गोंडा राहिला.”

“घर हाय ह्ये, सर, यष्टी न्हाई. उभ्यानं न्हेता येत न्हाई कुणाला.”

“गोंड्याशिवाय कंधारी ओळखायची कशी?”

“गाईची तक्रार न्हाई, सर. तुमचीच हाय.”

शेजारून गायकवाड म्हणाले, “अप्पा, लई इचार करून राहिले तुम्ही. पार्टिशन करा की. सरळ वाटणी.”

अप्पांनी चष्मा काढून ठेवला. “त्यो शब्द या खोलीत नगं, साहेब.”

आठवडाभरात त्यांनी एका टेबलाची दोन केली. पुढच्या घरात ओळख आणि वंशावळ. मागच्या घरात माझी शिंगे, घड्या आणि गोंडा. बिल्ल्याचा क्रमांक दोन्हीकडे तोच. “घरं दोन, सर, चूल एक.” शास्त्र गायकवाडांचेच होते, पार्टिशन हे नाव तेवढे अप्पांनी घेतले नाही. त्यालाच गायकवाड अडाणीपणा म्हणतात.

पुढे एका वळूच्या तपासणीसाठी उदगीरला गेलो आणि अप्पांकडे उतरलो. अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत. घरात आम्ही दोघेच, तरी चहाचे कप तीन. तिसरा अप्पांनी भिंतीवर ठेवला. पलीकडून खोकला ऐकू आला, एक हात वर आला आणि कप घेऊन गेला.

“कोण?”

“दादा. थोरले भाऊ.”

“बोलत नाहीत?”

“साखर जास्त झाली की बोलत्यात.”

त्या कपात अप्पांनी साखर किती ओतली, ते मी पाहिले होते. पलीकडून शिवी येईपर्यंत ते भिंतीपाशीच उभे राहिले, आणि आल्यावर प्रसन्न मुद्रेने येऊन बसले. मग, मी न विचारता, भिंतीविषयी एकच गोष्ट सांगितली. अप्पांना वाटणी जमत नव्हती म्हणणाऱ्या गायकवाडांनी ती टिपून घ्यावी: गवंड्याने रेघ आखली, तेव्हा दोरीचे एक टोक दादांनी धरले होते आणि दुसरे अप्पांनी.