धक्क्याचा हिशेब

आमचे शेजारी आण्णा चौगुले गाडीचा हिशेब कधी कागदावर करायचे नाहीत. ते बॉनेटवर करायचे. बॉनेटवर धुळीचा चांगला थर असायचा. त्यात आण्णा बोटानं आकडे मांडायचे, खाली रेघ मारायचे आणि दोन पावलं मागं सरून बेरीज न्याहाळायचे. हिशेब पुरा झाल्याशिवाय गाडी धुवायची नाही, असा त्यांचा दंडक. आता हिशेबच पुरा होत नसेल तर गाडी धुणार कधी? तिचा मूळ रंग पांढरा की पिवळा, यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष होते.

हिशेब एकच. ही गाडी ठेवायची, की विकून दुसरी घ्यायची? नव्वदच्या दशकातले दिवस होते. सांगलीत छोट्या, गुळगुळीत गाड्या दिसायला लागल्या होत्या. किल्ली फिरवली की मुकाट सुरू व्हायच्या.

आण्णा कुपवाडच्या एका कारखान्यात परचेस ऑफिसर होते. तीन दुकानांत भाव काढल्याशिवाय त्यांनी साधा नटबोल्ट घेतला नाही. रिटायर झाले, पण परचेस काही अंगातून उतरला नाही. कुणी काही सांगायला लागलं की, "ते ऱ्हाऊ द्या, आकडा बोला!" माझ्या मुलीचं लग्न ठरलं म्हणून पेढे घेऊन गेलो, तर पेढा तोंडात टाकून म्हणतात, "वा, वा! आकडा बोला!" आमची ही त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्या घराकडं बघत नव्हती.

पण माणूस पक्का. गाडी घेणारा, विकणारा आधी आण्णांकडं यायचा. "पेट्रोल धरलंत, ॲव्हरेज धरलंत. इन्शुरन्स कोण धरणार? टायर? आज विकली तर काय येतील, आणि दोन वर्षांनी काय येतील? मधला फरक कुणाच्या खिशातनं जाणार, माझ्या?" त्यांच्या सल्ल्यानं गल्लीतल्या दोघांनी गाड्या विकल्या, एकानं घेतली, आणि तिघंही फायद्यात राहिले. हे मला झक मारत कबूल करावं लागतं.

स्वतःच्या गाडीपाशी मात्र घोडं अडायचं. ती धक्का दिल्याशिवाय सुरूच व्हायची नाही. रोज सकाळी हाक, "ओ कुलकर्णी, जरा हात लावा!" की मी चहा अर्धा टाकून बाहेर. समोरचे जमदाडे मिलिटरीतून हवालदार होऊन आलेले. ते "चलो जवान, जोर लगाके!" असा हुकूम सोडायचे आणि स्वतः एक हात नुसता टेकवायचे. गल्लीतले आणखी दोघं-तिघं यायचे. गाडी खोकायची, धूर सोडायची आणि एकदाची निघायची. जायची कुठं? चौकापर्यंत, आणि वळसा घालून परत! "इंजिन आखडू नये म्हणून," आण्णा म्हणायचे.

मग सगळ्यांना चहा-पोहे. चौगुलेकाकू गेल्यापासून पोहे आण्णाच करायचे. हळद सढळ हातानं आणि मीठ ज्याच्या त्याच्या नशिबानं. मुलगा बंगलोरला. दर रविवारी फोनवर त्याचा एकच धोशा, "बाबा, काढून टाका ते धूड."

शेवटी माझा खांदा धरला आणि डोकं फिरलं. एका सकाळी मीच बॉनेटवर बोट टेकवलं. म्हटलं, आज सोक्षमोक्ष. कोरी करकरीत गाडी परवडत नाही, हे तर बॉनेटनं केव्हाच सांगितलं होतं. प्रश्न होता मिरजेच्या एका डॉक्टरांच्या छोट्या गाडीचा. थोडीच वापरलेली, ठणठणीत. एका बाजूला तिची किंमत आणि पाच वर्षांचं पेट्रोल, दुसऱ्या बाजूला आमच्या म्हातारीचं पेट्रोल, मेकॅनिक आणि निघालेलं इंजिनकाम. आण्णा आकड्याला आकडा लढवत होते. बेरीज झाली आणि म्हातारी थोडक्यात जिंकली. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

मी खाली आणखी एक ओळ लिहिली. पोहे.

"हे कशाला?"

"धक्का गाडीला, तर धक्क्याचा खर्चही गाडीच्याच नावावर. रोज पाच-सहा माणसांचे पोहे, चहा, दूध. वर्षाचे धरा, आण्णा, आणि पाच वर्षांनी गुणा."

गुणले. म्हातारी सपशेल हरली. "आण्णा," मी म्हटलं, "तुमच्या गाडीला पेट्रोलपेक्षा पोहे जास्त लागतात!" जमदाडे हसून हसून खालीच बसले. आण्णा हसले नाहीत. मग "बरोबर हाय तुमचं," म्हणाले, आतून ओलं फडकं आणलं आणि बॉनेट पुसलं. गाडी निळी निघाली. दोन्ही पक्ष तोंडावर पडले.

तासगावचे एक द्राक्षबागायतदार गाडी बघायला आले. "लय जुनी हाय," ते म्हणाले, "पर पत्रा दणकट हाय. शेडवर बेदाणा न्यायला बरी."

आण्णांनी किमतीचा शब्दही काढला नाही. "तुमच्या मळ्यावर माणसं किती?"

"हायत की पंधरा-वीस. का वो?"

"मग न्या. हिला माणसं लागत्यात."

पाहुणे बुचकळ्यात पडले, पण सौदा झाला. दसऱ्याला मिरजेची गाडी झेंडूची माळ घालून दारात आली. आण्णांनी किल्ली फिरवली, अर्ध्या फेऱ्यात सुरू! मी छाती काढून गल्लीभर मिरवलो. हिशेब माझा होता ना!

दुसऱ्या दिवसापासून मला सकाळचा चहा अख्खा मिळायला लागला. कुणाची हाक नाही की काही नाही. आण्णांचं दार उशिरानं उघडायचं. गाडी तशीच उभी. "इंजिन आखडंल की," मी एकदा कुंपणावरून म्हटलं. "बघू," एवढंच म्हणाले. माझ्या जिवाला ते बरं वाटलं नाही.

आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी, "ओ कुलकर्णी, जरा हात लावा!"

मी धावलो. जमदाडे बनियनवरच आले, मागोमाग नेहमीचे तिघं. "काय राव, ठणठणीत गाडी म्हणत होतात ना?" ते माझ्यावरच घसरले. मलाही कळेना. डॉक्टरांनी फसवलं की काय? बॅटरी बघावी म्हणून मी आण्णांच्या खिडकीशी वाकलो. आण्णा स्टेअरिंग धरून ताठ बसले होते. समोर किल्ली लावलेलीच नव्हती. ती त्यांच्या शर्टाच्या खिशात होती, कडी बाहेर लोंबत होती.

मी बघितलं हे त्यांनी बघितलं. चोरी पकडल्यासारखे कानापर्यंत लाल झाले.

"घरात सकाळ सरत न्हाई वो एकट्याला," ते हळूच म्हणाले. "तुमी मंडळी येत होता, बरं वाटायचं."

मी तो शहाणपणा पाजळला नसता तर बरं झालं असतं, असं फार वाटलं. खिडकीतून हात घालून ती कडी मी त्यांच्या खिशात आत ढकलली.

"काय झालंय?" मागून जमदाडे ओरडले.

"बॅटरी बसलीय!" मी म्हटलं. "लावा जोर!"

गाडी हलकी होती, एकट्यानं ढकलली असती तरी गेली असती. आम्ही पाच जणांनी तिला चौकापर्यंत नेलं.